निवड-परिणाम की निवडीचा पूर्वग्रह?

एका वाचकाने विचारले आहे की, ‘दीर्घ गॅमा किरण स्फोटांच्या अभ्यासातील सिलेक्शन इफेक्ट’ हे मराठीत लिहिताना ‘निवडीचा पूर्वग्रह’ म्हणावे, ‘निवडदोष’ म्हणावे की ‘निवड-परिणाम’. गॅमा किरण स्फोट म्हणजे दूरच्या दीर्घिकांतून अचानक येणारी गॅमा किरणांची प्रखर उसळी; आणि सिलेक्शन इफेक्ट म्हणजे जे दिसू वा मोजू शकते तेवढेच नमुन्यात आल्याने चित्र एका बाजूला झुकणे. माझा कौल ‘निवड-परिणाम’ या शब्दाला आहे.

पूर्वग्रह मनात असतो, उपकरणात नसतो, त्यामुळे तो शब्द येथे सरळ बाजूला ठेवावा. ‘निवड’ या शब्दावरही कोणी आक्षेप घेईल की निवडणारा कोणीतरी लागतोच. पण ‘नैसर्गिक निवड’ हा प्रयोग मराठीत रुळलेला आहे आणि त्यात कर्ता कोणी नाही. तरीही अर्थाचा नेमका रोख सांगायचा, तर तांदूळ निवडणे आणि पीठ चाळणे यांतला फरक ध्यानात घ्यावा. निवडताना प्रत्येक दाणा डोळ्यांखालून जातो, तर चाळताना खाली काय उतरणार हे चाळणीच्या भोकांवर ठरते. खगोलशास्त्रातला हा प्रकार दुसऱ्या जातीचा आहे, म्हणून शब्द ‘निवड-परिणाम’ ठेवला तरी पहिल्या उल्लेखापाशी चाळणी कोणती ते सांगावे.

‘निवडदोष’ का नको, हे या स्फोटांच्याच उदाहरणावरून चांगले कळते. दोन सेकंदांहून अधिक काळ टिकणाऱ्या स्फोटांना दीर्घ म्हणतात आणि त्यांतले बहुतेक प्रचंड वस्तुमानाचे तारे कोसळताना होतात. 1997 मध्ये बेप्पोसॅक्स उपग्रहामुळे अशा स्फोटामागे रेंगाळणारी अनुदीप्ती प्रथम सापडली, आणि तिच्या दृश्य प्रकाशाच्या वर्णपटावरून ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश तांबड्या बाजूला किती सरकला ते), आणि तीवरून अंतर, मोजण्याची वाट खुली झाली. पण ज्या दीर्घिकेत धूळ दाट असते तेथे हा दृश्य प्रकाश वाटेतच शोषला जातो; क्ष-किरणांत दिसलेला स्फोट दुर्बिणीला काळोखाच राहतो, आणि अंतरांच्या यादीत त्याचे नाव लागत नाही. त्यामुळे सुरुवातीच्या यादीत लहान, निळसर, जड मूलद्रव्ये कमी असलेल्या दीर्घिकांचा भरणा झाला, आणि दीर्घ स्फोट मोठ्या, धुळकट दीर्घिकांत जवळजवळ होतच नाहीत असे वाटू लागले. पुढे 2004 मध्ये सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहाने क्ष-किरणांतून अचूक स्थाने मिळवून दिली, आणि काळोखे स्फोट ज्यांत झाले त्या यजमान दीर्घिकांपैकी कितीतरी मोठ्या आणि धुळीने भरलेल्या निघाल्या. मात्र जड मूलद्रव्ये कमी असलेल्या ठिकाणांकडे असलेला या स्फोटांचा ओढा, निदान तुलनेने जवळच्या विश्वात, ही दुरुस्ती केल्यावरही शिल्लक राहिला. म्हणजे चाळणीने एक खरी गोष्ट फुगवून दाखवली होती. अशा वेळी ‘दोष’ म्हटले की वाचक सगळा निष्कर्षच मोडीत काढतो, आणि ते निरीक्षकांवरही अन्यायाचे होते, कारण प्रत्येक वर्णपट बिनचूक घेतलेला असू शकतो.

‘दीर्घ’ हे विशेषणसुद्धा चाळणीतून आलेले आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. स्फोट दूरचा असेल तर त्याचा काळ विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जातो. पण त्याच वेळी त्याचा मंद भाग पार्श्वभूमीच्या किरणांत बुडतो आणि फक्त शिखर वर दिसते, त्यामुळे मोजलेला काळ उलट कमी भरू शकतो. म्हणून मराठी लेखात ‘दीर्घ काळ टिकलेला स्फोट’ आणि ‘दीर्घ म्हणून नोंदलेला स्फोट’ यांत जेथे फरक पडतो तेथे तो शब्दांत दाखवावा.

राहिला वचनाचा प्रश्न: ‘निवड-परिणाम’ एकवचनी लिहावा की अनेकवचनी? चाळण्या एकाहून अधिक असू शकतात. ‘टफ’ नावाच्या सर्वेक्षणात स्विफ्टने टिपलेले 69 स्फोट घेताना दृश्य अनुदीप्ती दिसली की नाही ही अट मुद्दाम वगळली. आपल्या आकाशगंगेतील धूळ त्या दिशेला किती, सूर्य आकाशात किती दूर, क्ष-किरणांतले स्थान वेळेत मिळाले का, अशा कसोट्या लावल्या, आणि मग चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीने त्यांच्या दीर्घिका शोधल्या. त्याने धुळीची चाळणी दूर झाली, पण स्विफ्टच्या शोधकाला जाणवण्याइतका तेजस्वी असण्याची, आणि स्फोटाचा झोत पृथ्वीकडेच वळलेला असण्याची, अशा दोन चाळण्या उरल्याच. ‘परिणाम’ हे नाम अनेकवचनात बदलत नाही. म्हणून ‘निवड-परिणाम दूर केला’ असे मोघम न लिहिता ‘धुळीमुळे होणारा निवड-परिणाम दूर केला’ असे लिहावे, आणि सगळ्यांचा मिळून उल्लेख असेल तर क्रियापद अनेकवचनी ठेवावे: ‘निवड-परिणाम विचारात घेतले’.