जोडीदाराच्या जागी स्वतःला ठेवले की तो कळतो का?

"तो पुरुष आहे, माझे मन त्याला कसे कळणार?" हा प्रश्न समुपदेशनात मला वारंवार ऐकू येतो आणि पुरुषही तोच प्रश्न पत्नीबद्दल तितक्याच हताशपणे विचारतात. अशाच एका जोडप्याचा अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे सांगत आहे.

पत्नीने पहिल्याच भेटीत केट बुश या ब्रिटिश गायिकेच्या १९८५ मधील 'रनिंग अप दॅट हिल' या गाण्याचा उल्लेख केला. देवाशी करार करून आपल्या दोघांच्या जागा बदलून घ्याव्यात, अशी इच्छा त्यात व्यक्त झाली आहे. स्त्री आणि पुरुष एकमेकांच्या भूमिकेत गेले तर त्यांना एकमेकांचे म्हणणे अधिक कळेल, असा विचार त्यामागे असल्याचे बुश यांनी स्वतः सांगितले आहे. 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे हे गाणे २०२२ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, यावरून ही इच्छा आजही किती जणांच्या मनात आहे, हे दिसते.

पतीचे उत्तर मात्र विचारात पाडणारे होते. "मी रोज तिच्याच जागी स्वतःला ठेवून विचार करतो, तरी माझे चुकतेच," असे ते म्हणाले, आणि मला त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका वाटली नाही. एयाल, स्टेफेल आणि एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांतून दाखवून दिले की, दुसऱ्याच्या जागी असल्याची नुसती कल्पना केल्याने त्याच्या मनातले अधिक अचूक ओळखता येत नाही; कधी कधी स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास तेवढा वाढतो. अचूकता वाढली ती थेट त्या व्यक्तीशी बोलून तिचे म्हणणे जाणून घेतल्यावर. लिंगभेदाचे म्हणाल, तर क्लाइन आणि हॉजेस यांच्या २००१ मधील अभ्यासात, दुसऱ्याच्या भावना अचूक ओळखल्यास पैसे मिळतील असे सांगितल्यावर स्त्रिया आणि पुरुष सारखेच यशस्वी ठरले. म्हणजे क्षमतेइतकाच, समजून घेण्याची निकड वाटते की नाही, हाही प्रश्न असतो.

म्हणून मी मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांच्या मनोनाट्य पद्धतीतील, म्हणजे प्रसंग प्रत्यक्ष वठवून मनातले समजून घेण्याच्या उपचारपद्धतीतील, भूमिकांची अदलाबदल वापरली, पण तिला एक नियम जोडला. प्रत्येकाने जोडीदाराच्या खुर्चीवर बसून 'मी' म्हणत त्याच्या वतीने बोलायचे आणि लगेच जोडीदाराने त्यात दुरुस्ती करायची; दुरुस्ती चालू असताना पहिल्याने स्वतःचा बचाव करायचा नाही. त्यांचा नेहमीचा वाद घेतला: पत्नी कामावरच्या ताणाबद्दल बोलू लागली की पती गप्प होतात. पतीच्या खुर्चीवरून पत्नी म्हणाली, "मला हे सगळे कंटाळवाणे वाटते, ही कधी थांबेल याची मी वाट पाहतो." पतीने दुरुस्ती केली की, आपण काही बोललो तर तिचा त्रास वाढेल, या भीतीने ते गप्प राहतात. मग पत्नीच्या खुर्चीवरून पती म्हणाले, "मला मदत हवी आहे आणि हा माणूस कुचकामी आहे." हे ऐकून ती कितीतरी वेळ रडली, कारण असे तिच्या मनात कधीच आले नव्हते, तिला उपाय नको होता, ऐकणारे कोणीतरी हवे होते.

या पद्धतीचे मोल मला इथेच वाटते. खुर्ची बदलल्याने जोडीदाराचे मन उघड होत नाही, पण आपण मनात त्याची कोणती प्रतिमा धरून वागत होतो, ती मात्र उच्चारली जाते आणि उच्चारलेली गोष्टच दुसऱ्याला दुरुस्त करता येते. या दोघांनी इतकी वर्षे ज्या व्यक्तींशी भांडण केले, त्या दोन्ही त्यांच्या अंदाजातून घडलेल्या होत्या. मात्र एकाला दुसऱ्याची भीती वाटत असेल, घरात मारहाण किंवा धाक असेल, तर मी हा प्रयोग कधीही करत नाही. तिथे मन मोकळे करणाऱ्याचे शब्द पुढे त्याच्याच विरुद्ध वापरले जाण्याचा धोका असतो आणि आधी त्या व्यक्तीची सुरक्षितता पाहावी लागते.

घरी करण्यासाठी मी त्यांना एवढेच सांगितले की, वाद वाढू लागला की "तुला असे वाटते आहे, असे मी समजतो, बरोबर आहे का?" असे विचारावे आणि उत्तर नकारार्थी आले तर ते मान्य करून पुढचे ऐकावे. त्यांचे वाद थांबलेले नाहीत. पण पत्नी आता सुरुवातीलाच सांगते की तिला फक्त बोलायचे आहे, आणि पती गप्प होण्यापूर्वी, आपण का गप्प होत आहोत, हे सांगतात.