जागा आधीच भरलेली होती, मग मुलाखत कशाला? रूनी नियम आणि तुमच्या मुलाचा हक्क

प्रश्न: मी मूळचा साताऱ्याचा, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. मुलगा इथेच जन्मला. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळला, किकर होता, म्हणजे चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा. सध्या एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगच्या एका संघात स्पेशल टीम्सचा (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीचा) सहाय्यक प्रशिक्षक आहे. या जानेवारीत दुसऱ्या एका संघाने त्याला स्पेशल टीम्स कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे त्या तुकडीच्या प्रमुख प्रशिक्षकाच्या, जागेसाठी मुलाखतीला बोलावलं. मुलाखत झाली व्हिडिओवर, जेमतेम पंचवीस मिनिटं. संघाचा कारभार बघणारे जनरल मॅनेजर आलेच नाहीत. एकाने हसत विचारलं, 'तुमच्या घरी क्रिकेटच बघत असतील ना?' त्याच संध्याकाळी, २२ जानेवारीला, दुसऱ्याच्या नेमणुकीची घोषणा झाली. तो माणूस दोन दिवस आधीपासूनच तिथल्या खेळाडूंशी नवा कोऑर्डिनेटर म्हणून बोलत होता, तसा मेसेज मुलाकडे आहे. म्हणजे लग्न ठरलेलंच होतं, आम्हाला नुसतं कांदेपोह्यांना बोलावलं. मुलगा म्हणतो, 'बाबा, सोडून द्या, या लाइनमध्ये नाव खराब होईल.' माझं मन मानत नाही. जागा भरताना अल्पसंख्याक उमेदवारांचीही मुलाखत घ्यायची, असा लीगचा रूनी नियम आहे. त्यांनी तो मोडला म्हणून दावा लावता येईल का? मुलाच्या सध्याच्या करारात म्हणे सगळे वाद लीगच्या कमिशनरपुढेच, म्हणजे लीगच्या प्रमुखापुढेच, न्यायचे असं कलम आहे.

उत्तर: नमस्कार. तुमचा राग रास्त आहे आणि मुलाची भीतीही खोटी नाही. पण आधी तारखा बघू. बाकी सगळं पुढे सावरता येतं, हुकलेली मुदत सावरता येत नाही.

नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा इथला मुख्य कायदा म्हणजे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सेव्हन. त्याखाली थेट कोर्टात जाता येत नाही, आधी ईईओसी या केंद्रीय आयोगाकडे तक्रार नोंदवावी लागते. मुदत १८० दिवसांची. तो संघ ज्या राज्यात आहे त्या राज्याची स्वतःची भेदभावविरोधी यंत्रणा असेल तर ३०० दिवसांची. २२ जानेवारीपासून मोजलं तर २१ जुलै किंवा १८ नोव्हेंबर. तुम्ही २१ जुलैच धरून चाला. आयोगाने दावा लावायला मोकळीक देणारं पत्र दिलं की कोर्टात जायला ९० दिवस मिळतात.

दुसरा कायदा त्याहून जुना, १८६६ चा. वकिलांच्या तोंडी तो 'सेक्शन १९८१' म्हणून आहे. गुलामगिरी संपल्यावर लगेच केलेला हा कायदा सांगतो की करार करण्याचा हक्क सगळ्यांना गोऱ्या नागरिकांइतकाच आहे. इथे आयोगाची पायरी नाही आणि नुकसानभरपाईवर कमाल मर्यादाही नाही. टायटल सेव्हनमध्ये ती आहे: मनस्तापाची भरपाई आणि दंडात्मक भरपाई मिळून, मालकाकडे कितीही माणसं असली तरी ३ लाख डॉलरच्या वर नाही. सेक्शन १९८१ ची मुदत चार वर्षं असं तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. त्यावर विसंबू नका. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या निकालाप्रमाणे चार वर्षं मिळतात ती १९९१ च्या दुरुस्तीमुळे शक्य झालेल्या दाव्यांना. 'मला नोकरीवर घेतलंच नाही' हा दावा मूळ कायद्यातही बसत होता, म्हणून त्याला राज्याची मुदत लागू शकते, आणि ती काही राज्यांत दोनच वर्षं आहे.

आता रूनी नियम. तो मोडला म्हणून तुमच्या मुलाला दावा लावता येणार नाही, कारण तो कायदाच नाही. २००२ च्या सुरुवातीला टोनी डंगी आणि डेनिस ग्रीन या दोन कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकांना त्यांच्या संघांनी काढलं. दोघांचीही कामगिरी चांगली होती. त्याच वर्षी जॉनी कॉकरन आणि सायरस मेहरी या वकिलांनी अहवाल काढून दाखवलं की कृष्णवर्णीय प्रशिक्षक जास्त सामने जिंकून देतात, तरी त्यांना संधी उशिरा मिळते आणि घरी लवकर पाठवलं जातं. खटल्याची टांगती तलवार डोक्यावर आली, तेव्हा २००३ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचे मालक डॅन रूनी यांच्या पुढाकाराने लीगने हा नियम स्वीकारला: मुख्य प्रशिक्षकाची जागा भरताना निदान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्या. २०२० मध्ये ही संख्या दोनवर गेली आणि कोऑर्डिनेटरच्या जागाही नियमाखाली आल्या. नियम मोडल्याची शिक्षा लीग देते, लीगच्या मर्जीने. २००३ मध्येच डेट्रॉइट लायन्स संघाचे अध्यक्ष मॅट मिलन यांना २ लाख डॉलर दंड झाला. मुख्य प्रशिक्षक म्हणून स्टीव्ह मारियुची यांनाच घ्यायचं हे सगळ्यांना इतकं उघड दिसत होतं की बोलावलेल्या कृष्णवर्णीय उमेदवारांनी मुलाखतीला यायलाच नकार दिला होता. म्हणजे तुमच्या मुलाच्या वाट्याला आलं ते या नियमाच्या पहिल्या वर्षापासून चालू आहे. पण तो दंड लीग आणि संघ यांच्यातला, उमेदवाराचा त्यात हक्काचा वाटा नसतो. नियम तुमच्या कामाचा आहे तो पुरावा म्हणून.

भारतीय वंशाच्या माणसाला हे कायदे लागू होतात का, ही शंका मला अनेक मराठी घरांतून ऐकू येते. होतात. सेक्शन १९८१ मधला 'वंश' फक्त काळा-गोरा नाही. १९८७ मध्ये अरब वंशाच्या एका प्राध्यापकाच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पूर्वजांच्या वंशावरून किंवा वांशिक ओळखीवरून केलेला भेदभावही त्यात येतो. लीगचा नियमही तेवढाच रुंद आहे: लेबनीज वंशाचे रॉबर्ट साला २०२१ मध्ये न्यूयॉर्क जेट्स संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा अल्पसंख्याक प्रशिक्षक घडवला म्हणून त्यांच्या आधीच्या संघाला, फोर्टीनायनर्सला, ड्राफ्टमध्ये, म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू वाटून घेण्याच्या प्रक्रियेत, जादा निवडी मिळाल्या. तक्रारीत मात्र 'मूळ देश' एवढंच लिहू नका. सेक्शन १९८१ निव्वळ मूळ देशावरून केलेल्या भेदभावाला लागू होत नाही. वंश आणि पूर्वज हे शब्द हवेतच.

खरी लढाई पुढे आहे. मुलाखत खोटी होती हे दाखवणं वेगळं, आणि वंशामुळे नाकारलं हे दाखवणं वेगळं. संघाचा वकील पहिल्याच दिवशी म्हणेल: 'निवड आधी झाली होती हे कबूल. मुख्य प्रशिक्षकाने आपला जुना सहकारी आणला. समोर कोणीही असता, अगदी गोरा असता, तरी हेच झालं असतं.' हा बचाव भक्कम आहे. ओळखीच्या माणसाला घेणं अन्यायाचं असेल, पण तेवढ्याने ते बेकायदा ठरत नाही. आणि सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये कॉमकास्ट या केबल कंपनीच्या खटल्यात सांगितलंय की सेक्शन १९८१ खाली वादीला 'वंश आड आला नसता तर निकाल वेगळा लागला असता' इथपर्यंत जावं लागतं. टायटल सेव्हनमध्ये वंश हे अनेक कारणांपैकी एक होतं एवढं दाखवलं तरी जबाबदारी येते, भरपाई मात्र कमी होऊ शकते. म्हणून दावा लावायचाच तर दोन्ही कायद्यांखाली लावावा.

मग तुमच्या बाजूने काय आहे? खेळाडूंशी आधीच झालेल्या बोलण्याचा मेसेज चांगला आहे, पण तो संघाच्या बचावालाही पूरकच आहे, हे ध्यानात घ्या. त्याहून मोलाचं आहे ते इतर उमेदवारांना कसं वागवलं ते. गोऱ्या उमेदवारांना विमानाने बोलावलं, मैदान दाखवलं, जनरल मॅनेजर तासभर बसले, आणि हे सगळं निर्णयाआधी. अल्पसंख्याक उमेदवारांना मात्र निर्णयानंतर, पडद्यावर, पंचवीस मिनिटं. असं निघालं तर मुलाखतच वंश बघून दुय्यम प्रतीची दिली असं म्हणता येतं. क्रिकेटचा प्रश्न कोणी विचारला हेही फार महत्त्वाचं. निवडीत ज्याचा शब्द चालतो त्याने विचारला असेल तर वजन आहे, नोंदी घ्यायला बसलेल्या माणसाने विचारला असेल तर कोर्ट त्याला सुटं वाक्य म्हणून बाजूला ठेवेल.

आणखी एक मुद्दा आहे, आणि मला तो सगळ्यात धारदार वाटतो. मार्च २०२५ मध्ये ईईओसीने विविधता कार्यक्रमांबद्दल मार्गदर्शन काढलं. मुलाखतीसाठी कोणाला बोलवायचं हेही वंश बघून ठरवता येत नाही, असा त्याचा रोख आहे. तो रोख रूनी नियमासारख्या योजनांच्या विरोधातच आहे, आणि मला स्वतःला तो पटत नाही, कारण दार उघडायला लावणारा नियम आणि दार लावून घेणारा भेदभाव एका मापाने मोजणं चूक आहे. पण तुमच्या प्रकरणात संघाची त्याने कोंडी होते. 'नियमाची पूर्तता म्हणून बोलावलं' म्हणावं तर वंश बघून वेगळी वागणूक दिल्याची कबुली होते. 'मनापासून बोलावलं' म्हणावं तर पंचवीस मिनिटांचा हिशेब द्यावा लागतो.

तुमच्यासारखंच प्रकरण कोर्टात चालू आहे. मुख्य प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना जानेवारी २०२२ मध्ये मायामी डॉल्फिन्सने काढलं. मग न्यूयॉर्क जायंट्सने त्याच पदाच्या मुलाखतीला बोलावलं. मुलाखतीच्या तीन दिवस आधी न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक बिल बेलिचिक यांचा अभिनंदनाचा मेसेज आला, आणि तो नावाच्या गोंधळात चुकून आला होता: जागा दुसऱ्या ब्रायनला, ब्रायन डेबॉल यांना, मिळत होती. फ्लोरेस यांनी १ फेब्रुवारी २०२२ ला लीग आणि संघांवर दावा लावला. पुढे रे हॉर्टन हे प्रशिक्षकही त्यात आले. टेनेसी टायटन्सने २०१६ मध्ये त्यांची मुलाखत घेतली होती, आणि जागा मिळालेले माइक म्युलार्की यांनीच २०२० मध्ये जाहीरपणे सांगितलं की मुलाखती संपायच्या आधीच त्यांना शब्द मिळाला होता. संघांनी आरोप नाकारले आहेत.

तुमच्या कमिशनरच्या कलमाचं उत्तरही याच खटल्यात आहे. २०२३ मध्ये न्यायाधीश व्हॅलेरी कॅप्रोनी यांनी काही दावे लवादाकडे पाठवले, जायंट्स, ब्रॉन्कोज, टेक्सन्स हे संघ आणि लीग यांच्यावरचे कोर्टात ठेवले. लीग अपिलात गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये सेकंड सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने लीगच्या विरुद्ध निकाल दिला: ज्या लीगविरुद्ध तक्रार, तिचाच प्रमुख निवाडा करणार, कार्यपद्धतीही तोच ठरवणार, याला लवाद म्हणता येत नाही. तुमच्या मुलाचा करार सध्याच्या संघाशी आहे, ज्या संघाविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी नाही, हीही जमेची बाजू. पण सेकंड सर्किटचा निकाल न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट एवढ्याच राज्यांतल्या केंद्रीय कोर्टांवर बंधनकारक आहे. इतरत्र तो वजनदार दाखला ठरेल, त्यापलीकडे नाही.

मुलाच्या भीतीबद्दल. तक्रार केली म्हणून त्रास देणं हे दोन्ही कायद्यांखाली दाव्याचं स्वतंत्र कारण आहे. सेक्शन १९८१ बद्दल सुप्रीम कोर्टाने हे २००८ मध्ये स्पष्ट केलं. फ्लोरेस यांना दावा लावल्यावर त्याच महिन्यात स्टीलर्सने सहाय्यक म्हणून घेतलं, आणि २०२३ पासून त्यांनी मिनेसोटा व्हायकिंग्जमध्ये डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचं काम केलं. पण ते आधी मुख्य प्रशिक्षक होते, त्यांचं नाव मोठं होतं. बत्तीस संघांच्या या धंद्यात कनिष्ठ सहाय्यकाचा फोन कोणी उचलला नाही तर त्याचा पुरावा कुठून आणायचा? तेव्हा 'काही होणार नाही' असं मी म्हणणार नाही.

माझा सल्ला असा: ईईओसीकडे मुदतीत तक्रार नोंदवावी, कोर्टाचा निर्णय आत्ता घेऊ नये. आयोग तक्रार जाहीर करत नाही, संघाला मात्र कळवतो. त्याआधी, ज्या राज्यात तो संघ आहे तिथल्या, कर्मचाऱ्यांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलाला गाठा आणि संघाला सगळे ईमेल, मेसेज, मुलाखतीचं वेळापत्रक जपून ठेवण्याची नोटीस पाठवायला सांगा. मुलाने आजच बसून मुलाखतीत कोण होतं, कोणी काय विचारलं, किती वाजता सुरू झाली आणि संपली हे आठवेल तसं वकिलासाठी लिहून काढावं. मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट नकोत, मूळ मेसेज फोनवर राहू द्या. आता कोणाला फोन करून गुपचूप रेकॉर्डिंग करायचा मोह होईल. न्यू जर्सीत बोलणाऱ्या एकाची संमती पुरते, पण पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियात सगळ्यांची लागते, आणि तिथे हाच गुन्हा ठरतो.

शेवटी तुमच्याबद्दल. दावा मुलाचा आहे, तुम्हाला तो लावता येत नाही. मुलगा सज्ञान आहे आणि 'नको' म्हणण्याचा हक्क त्याचा. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त राहतं, पण तिसरा माणूस मध्ये आला की ते संरक्षण जाऊ शकतं, मग तो बाप का असेना. म्हणून वकिलाचे ईमेल त्याने तुम्हाला पाठवू नयेत आणि तुम्ही मागू नयेत. मला पाठवलेले मेसेज पुढे कोणालाही, अगदी घरच्या ग्रुपवरही, टाकू नका. हे उत्तर त्याला वाचायला द्या. वकिलाशी बोलावंसं वाटलं तर त्याने स्वतः बोलावं, स्वतःच्या फोनवरून. संघाने दिलेल्या फोनवरून किंवा ईमेलवरून नको.