घड्याळ लावलेल्या सामन्यात बिलियर्ड्सचा सोपा शॉटही का चुकतो?

एरवी सहज जमणारे कॅनन (आपला चेंडू उरलेल्या दोन्ही चेंडूंना लागणे) आणि इन-ऑफ (दुसऱ्या चेंडूला लागून आपला चेंडू टेबलाच्या पॉकेटमध्ये जाणे) वेळेच्या सामन्यात का फसतात, असे आपण विचारले आहे. मी लातूरमध्ये गेली बारा वर्षे खेळतो; माझ्या अनुभवात घाई हाताला होत नाही, ती शॉट ठरवताना होते.

प्रथम घड्याळ कोणते, हे पाहावे. स्नूकरच्या शूट आउट स्पर्धेत फ्रेम, म्हणजे एक डाव, 10 मिनिटांची असून पहिली 5 मिनिटे प्रत्येक शॉटला 15 सेकंद आणि नंतर 10 सेकंद मिळतात. वेळेवर चालणाऱ्या बिलियर्ड्समध्ये मात्र ठरलेली वेळ संपताना ज्याचे गुण अधिक, तो जिंकतो. भारताचे बिलियर्ड्सपटू पंकज अडवाणी यांनी 2005 मध्ये माल्टा येथे वेळेचे आणि गुणांचे (ठरलेले गुण आधी गाठण्याचे) अशी दोन्ही जागतिक विजेतेपदे मिळवली, ते मला म्हणूनच फार मोठे वाटते.

समजा, आपण 80 गुणांनी मागे आहात. लाल चेंडूवरच्या इन-ऑफला 3 गुण मिळतात, म्हणजे 27 शॉट पुरतात (सलग 15 हॅझार्डनंतर, म्हणजे इन-ऑफ किंवा चेंडू पॉकेटमध्ये घालण्याच्या शॉटनंतर, कॅनन घ्यावा लागतो, हे ध्यानात ठेवावे). प्रत्येकी 15 सेकंद धरले तरी सात मिनिटांच्या आत पिछाडी भरून निघते. खरी वेळ जाते ती शॉट चुकल्यावर, कारण प्रतिस्पर्ध्याचा ब्रेक, म्हणजे सलग गुण घेण्याची पाळी, चालू असताना आपण खुर्चीत बसलेले असतो आणि घड्याळ थांबत नाही.

म्हणून चेंडू फिरत असतानाच पुढचा शॉट ठरवावा, क्यूला (खेळायच्या काठीला) चॉक लावून होईपर्यंत तो पक्का करावा आणि एकदा वाकल्यावर बदलू नये. शंका आलीच तर उभे राहावे. त्यात दोन-तीन सेकंद जातात, पण चुकीच्या शॉटने अख्खी पाळी जाते. आमच्याकडे बिलियर्ड्स पार्लरमध्ये टेबलाचे पैसे तासावर मोजले जात असल्याने भराभर खेळण्याची सवय लागते, आणि माझ्यात तरी घाई तिथूनच आली. ती मोडायला मी दुपारी टेबल रिकामे असताना एकटाच अर्धा तास, फोनवर 15 सेकंदांचा टायमर लावून, फक्त लाल इन-ऑफ खेळत असे. एप्रिल-मेमध्ये घामाने क्यू बोटांवर अडकतो, त्यामुळे कोरडा रुमाल खिशात हवाच.