टाकी फुगते, पण शेगडी पेटत नाही

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

या वेळी सर्वाधिक प्रश्न एकाच तक्रारीचे आहेत: ‘गोबरगॅसमध्ये शेणाबरोबर खराब भाजीपाला आणि सडकी फळं टाकली. टाकी फुगली, पण गॅस जळत नाही.’

टाकीत दोन गटांतले जिवाणू एकामागोमाग काम करतात. पहिला गट साखर आणि पिष्ट फोडून आम्लं तयार करतो. तो चपळ असतो. दुसरा गट त्या आम्लांपासून मिथेन बनवतो. तो संथ असतो आणि त्याला आम्लता सोसत नाही, थंडीही नाही. फळांचा लगदा एकदम ओतला की आम्लं साचतात, सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) ६.५ च्या खाली घसरतो आणि दुसरा गट हातपाय गाळतो. मग वर येतो तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो पेटणार कसा? चांगल्या बायोगॅसमध्ये मिथेन ५५ ते ६५ टक्के असतो.

तेव्हा आधी भरणं बंद करा. सामू पट्टीने तपासा, फारच कमी असेल तर चुना पाण्यात कालवून थोडा थोडा सोडा. चालू असलेल्या दुसऱ्या टाकीतली स्लरी, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारा पातळ काला, मिळाली तर ती विरजणासारखी घाला. सामू ७ च्या आसपास स्थिरावला आणि ज्योत निळी झाली, की आधी फक्त शेणकाला, मग बारीक केलेला भाजीपाला शेणाच्या दहाव्या हिश्श्यापासून वाढवत न्या. लिंबूवर्गीय फळांच्या साली मात्र नकोच, त्यांतलं तेल जिवाणूंना मारतं.

गंमत अशी, की तुमची टाकी बिघडवणारी ही आम्लं संशोधकांना हवीच असतात. ते प्रक्रिया मुद्दाम आम्लाच्या टप्प्यावर थांबवतात आणि ती आम्लं खास जिवाणूंना खाऊ घालतात. हे जिवाणू चरबी साठवावी तसा एक पॉलिमर (लांब साखळीचा पदार्थ) पोटात साठवतात. त्यापासून मातीत कुजणारं प्लास्टिक बनतं. मात्र पेशींतून तो बाहेर काढून शुद्ध करणं खर्चिक आहे. ‘बांधावर प्लास्टिक बनवा’ म्हणत कोणी यंत्र विकायला आलं, तर आगाऊ रक्कम देऊ नका.

दुसरा प्रश्न: पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) आणि भाताचा पेंढा टाकीत चालतो का? पऱ्हाटी टाकीत घालू नका. तिच्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारा घटक, हवेविना जगणारे जिवाणू जवळपास फोडू शकत नाहीत. तुकडे तरंगतात आणि वर जाड साय धरते. पेंढा थोडा चालतो, पण कुट्टी करून आणि भिजवूनच. त्यात नत्राच्या तुलनेत कर्ब फार, म्हणून सोबत शेण किंवा थोडं कोंबडीखत हवं. मिश्रणाचं कर्ब-नत्र गुणोत्तर २० ते ३० असलं की टाकी खूश.

साधा नियम ठेवा: ओलं आणि मऊ ते जिवाणूंना, कोरडं आणि लाकडासारखं ते उष्णतेला. पऱ्हाटी अपुऱ्या हवेत भाजून बायोचार, म्हणजे जमिनीत घालायचा कोळसा, करता येतो. तो स्लरीत भिजवूनच शेतात टाका. कोरा टाकला तर सुरुवातीला जमिनीतलं नत्र धरून ठेवतो. बायोचार बहुधा अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा असतो, त्यामुळे चुनखडीच्या जमिनीत माझा सल्ला ‘नको’ असाच आहे.

‘गॅस काढून घेतल्यावर स्लरीत उरतं काय?’ असंही विचारलंय. नत्र, स्फुरद, पालाश जवळपास सगळं उरतं. टाकीतून जातो तो मुख्यतः कर्ब. उलट नत्राचा काही भाग अमोनियम रूपात येतो, तो पिकाला लवकर मिळतो. पण तोच उन्हात उडूनही जातो. म्हणून स्लरी उघड्या खड्ड्यात वाळवू नका, संध्याकाळी द्या आणि लगेच मातीत मिसळा. माझ्या मते लहान शेतकऱ्याला गॅसपेक्षा स्लरीचाच फायदा मोठा असतो.

एकाने टाकीत उतरून गाळ काढू का, असं विचारलंय. उतरू नका. रिकाम्या टाकीतही हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो आणि त्याचं प्रमाण वाढलं की वासच येईनासा होतो. आत प्राणवायूही कमी असतो. गाळ बाहेरून पंपाने उपसा. कोणी आत कोसळलंच, तर मागोमाग उडी न घेता अग्निशमन दलाला बोलवा.