उरलेला हप्ता: तडजोड करावी की दावा?

तुमचं पत्र थोडक्यात असं: छोट्या कंपनीतला तुमचा ४० टक्के हिस्सा तुम्ही दोन वर्षांपूर्वी भागीदाराला विकलात. शेअर त्यांच्या नावावर झाले, काही रक्कम तेव्हाच मिळाली आणि उरलेली आता मिळायची होती. भागीदार म्हणतात, तुमच्या काळातली करमागणी निघाली, ताळेबंदात दाखवलेली काही येणीही बुडाली. तेव्हा बाकीच्या ६५ टक्के एकरकमी देतो, विषय संपवू. वकील दावा करा म्हणतात. तुम्हाला घराचं कर्ज फेडायचंय आणि निवृत्ती जवळ आली आहे.

माझं मत तडजोडीकडे झुकतं, पण एक मोठी अट घालून. आधी आकडे बघू.

बाकी रक्कम १०० धरा. करमागणी साधारण १२ ची आहे आणि ती विक्रीपूर्वीच्या वर्षाची आहे, हे तुम्हीच लिहिलंय. अशा मागणीची भरपाई करायचं तुम्ही करारात कबूल केलंय, म्हणजे ते १२ गेलेच समजा. येण्यांचा मुद्दा मात्र मला पटत नाही. ताळेबंद त्या तारखेला खरा आहे एवढीच ग्वाही तुम्ही दिली होती, प्रत्येक ग्राहक पैसे देईलच अशी नव्हे. नंतर एखाद्याने हात वर केले तर ती खरेदीदाराची जोखीम. अर्थात, तो ग्राहक बुडणार हे विक्रीच्या वेळी तुम्हाला ठाऊक असेल आणि कराराच्या परिशिष्टात तसं लिहिलं नसेल, तर तुमची बाजू लंगडी पडते. हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा आणि वकिलांनाही खरं ते सांगा.

म्हणजे तुमचा रास्त दावा ८८ चा. निकाल लागून पैसे हातात यायला तीन वर्षं लागली, तर ८ टक्के दराने त्या ८८ चं आजचं मोल ७० भरतं. खर्चाचे १० वजा केले की ६०. हे पूर्ण जिंकलात तर! उशिराच्या व्याजाचं कलम करारात नाही. न्यायालय व्याज देऊ शकतं, पण त्यावर विसंबता येत नाही, म्हणून मी ते धरलेलं नाही आणि वेळ बराचसा भागीदाराच्या बाजूने आहे. ते कलम असतं तर मी लढा म्हटलं असतं.

म्हणून ६५ वाईट नाहीत. तरीही लगेच हो म्हणू नका. हप्त्यातून परस्पर रक्कम कापण्याचा हक्क खरेदीदाराला करारात दिलाय का, ते शोधा. दिला नसेल तर त्यांनी आधी पूर्ण हप्ता द्यायचा आणि भरपाई वेगळी मागायची, असं तुमच्या वकिलांना ठासून मांडता येईल. भरपाईच्या दाव्याची लेखी सूचना मुदतीत दिली होती का, हेही बघा. एवढ्या जोरावर ७५ पर्यंत जाता यावं.

आता ती अट. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की कंपनीच्या कॅश क्रेडिट खात्याला (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल करता येणारं बँकेचं कर्जखातं) तुमची वैयक्तिक हमी अजून आहे. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. शेअर विकल्याने ही हमी सुटत नाही. ‘हमीची जबाबदारी आता आमची’ असं भागीदाराने करारात लिहून दिलं असलं, तरी बँक त्या कराराला बांधील नाही. कंपनी थकली तर बँक तुमच्याकडे येईल, आणि खात्यातली उचल या हप्त्यापेक्षा मोठी असू शकते. जिथे तुमचा हिस्सा नाही, सही नाही, तिथल्या कर्जासाठी तुमचं घर पणाला लागलेलं आहे. पुढच्या उचलीची हमी मागे घेत असल्याची लेखी नोटीस बँकेला देता येते का, हे हमीपत्र दाखवून वकिलांना याच आठवड्यात विचारा. नोटिशीपर्यंतची बाकी मात्र त्यानेही सुटणार नाही. म्हणून हमीमुक्तीचं बँकेचं पत्र हातात पडल्याशिवाय तडजोडीवर सही नको. त्यासाठी ७५ ऐवजी ६५ घ्यावे लागले, तरी मी घेईन.

तडजोडनाम्यात दोन्हीकडचे सगळे दावे संपले असं स्पष्ट असू द्या, नाहीतर उद्या दुसरी करमागणी दाखवून पुन्हा पैसे मागितले जातील. सही आणि पैसे एकाच दिवशी. हप्त्यांची भाषा सुरू झाली, तर एक हप्ता चुकताच मूळ १०० ची बाकी पुन्हा उभी राहील असं कलम घाला. बोलणी चालू असताना दाव्याची कायदेशीर मुदत आपोआप थांबत नाही, तेव्हा तिची शेवटची तारीख वकिलांकडून लिहून घ्या आणि आपला पत्रव्यवहार ‘हक्क अबाधित ठेवून’ करा.

तोवर निवृत्तीच्या हिशेबात ही रक्कम शून्य धरा. आली की आधी विक्रीवरचा कर भरायचा राहिलाय का ते बघा, मग कर्ज फेडा.