'खैरात', भत्ता आणि वोल्लोचा दुष्काळ

प्रश्न असा आला आहे: "इथिओपिया आणि केनियातल्या अन्नसुरक्षेच्या योजनांवरचा मजकूर मराठीत करतो आहे. सरकार गरीब घरांना ठरावीक काळाने थेट पैसे देतं, त्याला 'खैरात' लिहिलं तर चालेल का? आणि 'रेझिलिअन्स'ला 'लवचीकता' बरोबर ना?"

नाही. आणि नाही.

दुसरं आधी उरकतो. लवचीक असते ती वेताची छडी. पाऊस बुडाल्यावर बियाणं न खाता, शेळी न विकता पुढचा हंगाम गाठणारं घर तग धरतं. 'तग धरण्याची ताकद' लिहा आणि मोकळे व्हा.

आता 'खैरात'. हा शब्द वाहिन्यांवरच्या चर्चांत इतका ऐकू येतो की कान किटले. अरबीत 'खैर' म्हणजे भलं आणि 'खैरात' हे त्याचं अनेकवचन: सत्कृत्यं, दानधर्म. (याच 'खैर'वरून स्वाहिलीत निरोप घेताना 'क्वाहेरी' म्हणतात. तिकडे शब्दाची अब्रू शाबूत आहे.) मराठीत मात्र खैरात म्हटलं की देणाऱ्याची लहर आणि घेणाऱ्याची नालायकी, दोन्ही आपोआप चिकटतात. केनियाच्या उत्तरेतल्या तुर्काना, मार्साबित, वाजिर आणि मांडेरा या कोरड्या भागांतली योजना बघा. यादीतल्या घरांच्या खात्यात दर २ महिन्यांनी ५,४०० शिलिंग, असा तिचा दर होता. वर उपग्रहावरून कुरणांची हिरवाई मोजायची आणि ती ठरलेल्या पातळीखाली गेली की नेहमीच्या यादीबाहेरच्या घरांनाही पैसे सोडायचे. यात लहर कुठे आली? पैसे उशिरा पोचतात ही तक्रार खरी आहे, पण ती वेगळी.

खरी गंमत 'दुर्भिक्ष' या शब्दात आहे. आपण तो 'दुष्काळ'चा जाडजूड पर्याय म्हणून भाषणात वापरतो आणि त्याचं मातेरं करतो. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. तिथे दोष काळाचा, पावसाचा, नशिबाचा. दुर्भिक्ष म्हणजे भिक्षा दुर्मीळ होणं. शब्द पिकाबद्दल चकार काढत नाही. धान्य कुठेतरी असेलही, तुमच्या पदरात पडत नाही, एवढंच तो सांगतो. १९८१ साली अमर्त्य सेन यांनी इथिओपियातल्या वोल्लो प्रांताबद्दल जे मांडलं ते हेच. १९७३ साली तिथे हजारो माणसं उपासमारीने मेली. देशाचं एकूण धान्य थोडंच घटलं होतं. देस्सीच्या, म्हणजे वोल्लोतल्या मुख्य शहराच्या, बाजारात भाव फारसे चढले नव्हते आणि काही धान्य तर वोल्लोतून बाहेर, अदिस अबाबा आणि अस्मराकडे जात होतं. पीक बुडालेल्या शेतकऱ्याच्या हातात विकत घ्यायला पैसाच नव्हता. देस्सीचे भाव आडगावांना कितपत लागू, यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. भांडोत. वोल्लोत दुर्भिक्ष होतं, हे शब्दशः खरं आहे. त्याच सुमारास आपल्याकडे ७२चा दुष्काळ चालू होता. पीक इकडेही बुडालेलं, पण मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर मजुरी कमावत होती. दुष्काळ होता, दुर्भिक्ष पुष्कळ अंशी टळलं.

आता 'भिक्षा'. भीक, कटोरा, लाचारी हे सगळं नंतरचं. 'भिक्ष्' हे 'भज्' या धातूचं इच्छार्थक रूप आहे आणि 'भज्' म्हणजे वाटणे, वाटा घेणे. म्हणजे भिक्षा ही मुळात 'आपला वाटा मिळावा' ही इच्छा. इथे काही शास्त्रीमंडळी धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, उघडून दाखवतात, की 'भिक्ष भिक्षायामलाभे लाभे च' असा स्वतंत्र धातू आहे, 'भज्'शी नातं जोडू नका. अहो, धातुपाठ ही यादी आहे, वंशावळ नव्हे. 'शिक्ष्'ही तिथे वेगळाच नोंदलाय, म्हणून तो 'शक्'चं, म्हणजे 'शकणे'चं, इच्छार्थक असल्याचं नाकारणार का? संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनिअर विल्यम्सनेही 'भिक्ष्' बहुधा 'भज्'चाच, असं नोंदवलं आहे. त्यातलं 'बहुधा' मी माझ्यापुरतं खोडून टाकलं आहे.

याच 'भज्'चं 'भक्त', म्हणजे वाटून दिलेलं, म्हणून अन्न. त्याचं प्राकृतात 'भत्त' आणि आपल्या ताटात 'भात'. भात म्हणजे वाटा! आणि माझं ठाम मत, की 'भत्ता'ही इथलाच. काही कोशकार त्याला कन्नड 'भत्त', म्हणजे साळ, इथे नेऊन बांधतात. पण ते 'भत्त' तरी आकाशातून पडलं का? तेही 'भक्त'चंच पोर. प्रवासभत्ता, महागाईभत्ता, भेळभत्ता, सगळे एका घरचे.

याला पुरावा अर्थशास्त्रातला, कौटिल्याच्या. दुर्भिक्षात राजाने काय करावं, तर 'दुर्गसेतुकर्म वा भक्तानुग्रहेण, भक्तसंविभागं वा'. अन्न देऊन तटबंदीची, बंधाऱ्यांची कामं काढावीत, नाहीतर अन्न वाटून द्यावं. 'भक्त' आणि 'संविभाग', दोन्हीकडे तोच 'भज्'. आणि इथिओपियाने २००५ साली सुरू केलेल्या मोठ्या योजनेचे दोन हात नेमके हेच आहेत. त्याआधी दरवर्षी टंचाई जाहीर व्हायची, जगाकडे याचना जायची आणि मदत पोचेपर्यंत बैल विकून झालेले असायचे. आता वर्षाचे साधारण ६ महिने काम: डोंगरउतारावर पायऱ्या, दगडी बांध, तळी, रस्ते. हिशेब असा, की घरातल्या दर माणशी महिन्याला ५ दिवस काम आणि रोजाला ३ किलो धान्य किंवा तेवढे पैसे. म्हणजे माणशी १५ किलो. ज्यांना काम झेपत नाही, म्हातारे, अपंग, गरोदर बाया, त्यांना कामाविना तेवढंच. भरात असताना योजनेत सुमारे ८० लाख माणसं होती.

तेव्हा कामाशिवाय थेट पैसे मिळतात तिथे 'भत्ता' लिहा, कामावर मिळतात तिथे सरळ 'मजुरी'. सगळ्याला मिळून 'सामाजिक संरक्षण' चालेल, कोरडं आहे पण खोटं नाही. भत्ता फक्त नोकरदाराचा असतो असं कुणी म्हणालं, तर त्याला बेरोजगार भत्ता कुणाला देतात ते विचारा.