जुन्या जीपीएस टायमिंग रिसीव्हरला कुठला अँटेना लावावा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मोबाइल टॉवरांवरून निवृत्त झालेले जीपीएस टायमिंग रिसीव्हर, म्हणजे उपग्रहांवरून अचूक वेळ आणि १० मेगाहर्ट्झची स्थिर फ्रिक्वेन्सी देणारी यंत्रं, भंगारातून किंवा ऑनलाइन बाजारातून स्वस्तात मिळतात. पण टॉवर उतरवणारे डबा तेवढा आणतात, अँटेना वरच सोडून देतात. त्यामुळे नागपुरातून आलेले बहुतेक प्रश्न अँटेनाचेच आहेत. जोडणी जुळली म्हणजे अँटेना जुळला, असं समजू नका. आधी मल्टिमीटर काढा, कनेक्टरचा विचार शेवटी.

प्रश्न : ट्रिंबल थंडरबोल्ट हा रिसीव्हर मिळाला आहे. घरात गाडीच्या नेव्हिगेशनचा चुंबकवाला छोटा अँटेना पडून आहे. तो चालेल का? (धरमपेठ)

तपासणीपुरता चालेल, पण तो ५ व्होल्ट सहन करतो याची आधी खात्री करा. थंडरबोल्ट अँटेनाच्या सॉकेटमधूनच ५ व्होल्ट डीसी देतो. चुंबकवाल्यांपैकी काही ३ ते ५ व्होल्टचे असतात, काही फक्त ३.३ चे. केबलवर किंवा डब्याखाली आकडा छापलेला नसेल तर थेट लावू नका. बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा वीजपुरवठा) ३ व्होल्टवर ठेवा, करंटची मर्यादा १०० मिलिअँपिअर लावा आणि अँटेना किती करंट घेतो ते पाहा. १० ते ५० च्या दरम्यान असेल तर आतला अॅम्प्लिफायर जिवंत आहे. शून्य आला तर तार तुटलेली आहे. सप्लाय थेट मर्यादेला टेकला तर आत शॉर्ट आहे. छतावरून उतरवलेल्या अँटेनात बहुधा पाणी शिरलेलं असतं. नुसत्या ओहम रेंजवर हे खात्रीने कळत नाही.

हा अँटेना चपटा असल्याने त्याला खाली पत्रा लागतो. गाडीचं टप ते काम करतं. खिडकीच्या लाकडी चौकटीवर तोच अँटेना निम्म्या ताकदीचा वाटतो. १०-१२ सेंटीमीटर व्यासाचं पत्र्याचं झाकण खाली ठेवा आणि आकडे पाहा. डोक्यावरच्या उपग्रहांचं सिग्नल-नॉइज ४० डीबी-हर्ट्झच्या वर यायला हवं. ४५ म्हणजे उत्तम.

अशा अँटेनावर थंडरबोल्ट कधीकधी ‘अँटेना ओपन’ असा अलार्म दाखवतो आणि तरी उपग्रह पकडत राहतो. घाबरू नका. करंट अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. अलार्म नको असेल तर सॉकेटपाशी मधली तार आणि जमीन यांच्यात २७० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर लावा, म्हणजे आणखी १८ मिलिअँपिअर वाहतील. त्याच्याशी सिरीजमध्ये १०० नॅनोहेन्रीची चोक (तारेचं छोटं वेटोळं) मात्र हवीच, नाहीतर रेझिस्टर सिग्नलही थोडा खातो.

कायमसाठी मात्र ५ व्होल्टचा, ३० ते ३५ डीबी गेनचा (गेन म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद), शंकूच्या आकाराचा टायमिंग अँटेना घ्या. त्यावर पाणी थांबत नाही, पक्षी बसत नाहीत, आणि आतल्या फिल्टरमुळे शेजारच्या मोबाइल टॉवरचा त्रास कमी होतो.

प्रश्न : थंडरबोल्टला टीव्हीसारखा एफ सॉकेट, म्हणजे ७५ ओहम. माझा अँटेना ५० ओहमचा. मॅचिंग ट्रान्सफॉर्मर कुठला लावू? (सक्करदरा)

कुठलाच नको. ५० आणि ७५ च्या जोडावर चार टक्के शक्ती परत फिरते, म्हणजे ०.१८ डीबी. दोन वाईट अडॅप्टर याहून जास्त खातात. जपायचं ते एन कनेक्टरला: ५० ओहमच्या एनची पिन जाड असते, ती ७५ ओहमच्या एन सॉकेटमध्ये दाबून बसवली तर आतल्या पाकळ्या कायमच्या फाकतात. तसंच वायफायच्या उलट्या एसएमए पिगटेलपासून (छोट्या आट्यांच्या कनेक्टरची आखूड केबल) सावध राहा. आटे बसतात, पण आत पिनच नसते आणि अँटेनाला व्होल्टेज पोहोचत नाही.

प्रश्न : एचपी झेड३८०१ए हा रिसीव्हर आहे. अँटेना तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत, गेन २६ डीबी. खाली यंत्रापर्यंत ४० मीटर आरजी-५८ केबल टाकली. एकही उपग्रह दिसत नाही. अँटेना खराब आहे का? (हिंगणा रोड)

अँटेना बहुधा ठणठणीत आहे, केबलने घात केला. जीपीएसचा एल१ सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि जमिनीवर तो सुमारे उणे १३० डीबीएम इतका क्षीण असतो. या फ्रिक्वेन्सीला आरजी-५८ मीटरमागे पाऊण ते एक डीबी गिळते. ४० मीटरला ३० च्या वरच धरा. अँटेनाने २६ कमावले, केबलने सगळे घालवून वर आणखी उधारी केली.

हिशेब सोपा आहे: अँटेनाचा गेन वजा केबलचा तोटा. उत्तर रिसीव्हरच्या तोंडाशी १५ ते २५ डीबी उरलं पाहिजे. डीटीएचची आरजी-६ मीटरला साधारण ०.२७ डीबी खाते, ४० मीटरला ११. म्हणजे १५ उरले, जेमतेम. त्याच केबलवर ३५ डीबीचा अँटेना लावला तर २४ उरतात, हे झकास. एलएमआर-४०० मीटरला ०.१७ खाते, ४० मीटरला ७, पण ती महाग आणि वळायला कडक. घरच्या कामाला आरजी-६ पुरे. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ती कुठेही मिळेल. फक्त फोमची आणि दाट जाळीची मागा. मधली तार तांबं चढवलेल्या लोखंडाची निघाली तरी चिंता नको. या फ्रिक्वेन्सीला करंट तांब्याच्या पातळ थरातूनच धावतो, आणि ३० मिलिअँपिअरला ४० मीटरवर व्होल्टेजची घट नगण्य असते.

गेन कमी पडतो म्हणून खाली यंत्रापाशी अॅम्प्लिफायर लावण्याचा मोह होतो. तो टाळा. केबलमध्ये नॉइजखाली गाडला गेलेला सिग्नल नंतर कितीही मोठा केला तरी नॉइजही सोबत मोठा होतो. अॅम्प्लिफायरची जागा अँटेनाच्या पायथ्याशी. उलट ५ मीटर केबलवर ४० डीबीचा अँटेना लावला तर जुन्या रिसीव्हरचा पहिला टप्पा ओव्हरलोड होऊ शकतो. मग मधे डीसी जाऊ देणारा १० डीबीचा अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) घाला.

केबल बदलली की यंत्रात भरलेला केबलचा विलंबही बदला. फोमच्या आरजी-६ मध्ये सिग्नल प्रकाशाच्या ८३ टक्के वेगाने जातो, म्हणून ४० मीटरला १६१ नॅनोसेकंद. भरीव पॉलिथिनच्या आरजी-५८ मध्ये वेग ६६ टक्के, तेव्हा २०२. हा आकडा एचपीच्या यंत्राला धन द्यायचा, थंडरबोल्टला ऋण. यंत्र फक्त १० मेगाहर्ट्झसाठी किंवा संगणकाची वेळ लावण्यासाठी वापरत असाल तर या विलंबाने काहीही फरक पडत नाही, तो भरण्यात संध्याकाळ घालवू नका.

प्रश्न : एकाच अँटेनावर दोन रिसीव्हर चालवायचे आहेत. डीटीएचचा स्प्लिटर लावला तर? (कामठी)

चांगला पर्याय आहे. डीटीएचचा पट्टा ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ, आणि एल१ त्यात आरामात बसतो. स्प्लिटरवर ‘५-१०००’ छापलं असेल तर तो केबल टीव्हीचा, तो घेऊ नका. दोन वाटांच्या स्प्लिटरचा तोटा ४ ते ५ डीबी धरा.

खरा प्रश्न डीसीचा आहे. अँटेनाला वीज एकाच रिसीव्हरने द्यावी. दुसऱ्या वाटेवर डीसी ब्लॉक (सिग्नल जाऊ देणारा, डीसी अडवणारा जोड) लावा, नाहीतर ५ व्होल्टचं यंत्र आणि १२ व्होल्टचं यंत्र एकमेकांत वीज ढकलतील. सगळ्या वाटांतून डीसी जाऊ देणाऱ्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेला डायोड असतो. तो ०.७ व्होल्ट खातो, म्हणजे अँटेनाला ४.३ च मिळतात. मीटरने वर गच्चीत मोजून पाहा. दुसरा रिसीव्हर ‘ओपन’ म्हणून ओरडेल. वरचा २७० ओहमचा उपाय तिथेही करा, पण ब्लॉकच्या रिसीव्हरकडच्या बाजूला. डीटीएचचा लाइन अॅम्प्लिफायर मात्र १३ ते १८ व्होल्टवर चालतो. ५ व्होल्टवर तो नुसता अडथळा ठरतो.

प्रश्न : माइनबर्गचा जीपीएस१६७ अँटेनाशिवाय मिळाला. त्याच्या सॉकेटवर १५ व्होल्टच्या आसपास दिसतात. साधा अँटेना रेग्युलेटर लावून चालवता येईल का? (इंदोरा)

नाही. मीटर आधी लावलात हे फार बरं झालं. ५ व्होल्टचा अँटेना क्षणात गेला असता. पण व्होल्टेज कमी करूनही भागणार नाही. या यंत्राचा अँटेना हा नुसता अँटेना नसून कन्व्हर्टर आहे. यंत्र केबलमधून वर १० मेगाहर्ट्झ पाठवतं आणि डबा १५७५.४२ खाली आणून ३५.४ मेगाहर्ट्झवर सिग्नल परत देतो. एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीमुळेच तिथे साधी आरजी-५८ तब्बल ३०० मीटरपर्यंत चालते. तुमच्या यंत्राला एल१ थेट दिला तर ते ओळखणारच नाही. त्याच कंपनीचा कन्व्हर्टरवाला अँटेना शोधा. तो मिळेपर्यंत यंत्रावर आणखी खर्च करू नका.

प्रश्न : दिवसभर आठ उपग्रह, पण मार्च आणि ऑक्टोबरमध्ये काही संध्याकाळी सात-आठनंतर आकडे नाचतात, उपग्रह सुटतात. अँटेना बदलू का? (प्रतापनगर)

बदलू नका, दोष आकाशात आहे. नागपूर २१ अंश उत्तरेला, म्हणजे आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) सूर्यास्तानंतर खवळतं त्या पट्ट्यात येतं. त्या थरातल्या गाठींमुळे सिग्नल लुकलुकतो. विषुवदिनांच्या आसपास आणि सौरचक्राच्या शिखराच्या वर्षांत हे जास्त होतं. अँटेनाचा दोष असता तर तो सकाळीही दिसला असता. यंत्र स्थिर जागेच्या मोडमध्ये ठेवा. मग एक उपग्रह शिल्लक राहिला तरी वेळ निघते, आणि तोही सुटला तर आतला क्रिस्टल काही तास सांभाळून नेतो.

प्रश्न : नवा अँटेना लावल्यावरही रिसीव्हर तारीख जवळपास वीस वर्षं मागे दाखवतो. (मानेवाडा)

अँटेनाचा संबंध नाही. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ ला शून्यावर येतो. जुन्या फर्मवेअरला ते कळत नाही. थंडरबोल्टला हे ३० जुलै २०१७ पासून झालं. सेकंदाचा ठोका आणि १० मेगाहर्ट्झ अचूकच असतात. तारखेत ७१६८ दिवस संगणकावर मिळवा.

प्रश्न : गच्चीत अँटेना नेमका कुठे लावावा? शेजारी पाण्याची टाकी आणि कूलर आहे. (त्रिमूर्तीनगर)

दक्षिण मोकळी ठेवा. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा ५५ अंशांनी कललेल्या असल्याने आपल्याकडून उत्तर क्षितिजाजवळचा भाग बराचसा रिकामा असतो. टाकी अडवणारच असेल तर ती अँटेनाच्या उत्तरेला यावी. कूलरचा पत्रा आणि सोलर पॅनेल यांवरून आपटून आलेला सिग्नल वेळ काही नॅनोसेकंद चुकवतो, म्हणून अँटेना त्यांच्या वर किमान मीटरभर उचला आणि रिसीव्हरमध्ये १० ते १५ अंशांखालचे उपग्रह वगळा. अँटेना हलवला की सेल्फ-सर्व्हे (यंत्राने अँटेनाची जागा स्वतः मोजणं) पुन्हा करा. थंडरबोल्ट त्यासाठी २००० फिक्स घेतो, सुमारे ३३ मिनिटं. जुनी जागा तशीच राहिली तर उंचीतली तीन मीटरची चूक वेळेत १० नॅनोसेकंदांपर्यंत उतरते.

अँटेनाचा पाइप इमारतीच्या तडितवाहकापेक्षा खाली ठेवा आणि अर्थिंगला जोडा. केबल घरात शिरते तिथे डीसी जाऊ देणारा गॅस ट्यूबचा अरेस्टर (आकाशातल्या विजेचा झटका जमिनीत सोडणारा) बसवा. त्याची अर्थ तार आखूड आणि सरळ हवी. कनेक्टरवर आधी आपोआप चिकटणारी रबर टेप, तिच्यावर काळी पीव्हीसी टेप. एकट्या पीव्हीसी टेपचा गोंद मे महिन्याच्या ४५ अंशांत वितळून सुटतो आणि जूनमध्ये पाणी आत जातं. कनेक्टरखाली केबलला एक वळसा सोडा, म्हणजे पाणी तिथून टपकेल. संक्रांतीनंतर एकदा गच्चीत जाऊन केबलला अडकलेला मांजा कात्रीने कापून काढा. ओढून काढलात तर बाहेरचं आवरण कापलं जातं आणि पुढच्या पावसात जाळी गंजते.